दिवाळसणाची काडतुसं

गणोजी मिस्त्रींचं यंत्र खोटं बोलायला लागलं, आणि तेही नेमकं जावई घरात असताना.

तशी गणोजींना चिंता करायला कारण लागत नसे. पाऊस आला तर बंदुकीची दारू सादळेल म्हणून चिंता, ऊन पडलं तर तापेल म्हणून चिंता. त्यांची बायको दुर्गाबाई म्हणायची, "यांना स्वर्गात नेलं ना, तरी आधी तिथल्या दाराच्या बिजागऱ्या हलवून बघतील." पण या वेळची चिंता खरी होती. लेकीचा, कमलचा, पहिला दिवाळसण. जावई जगदेवराव देवासहून धारला आलेले. दिवाळसणाला जावयाला अंगठी घालतात, ती गणोजींनी केलीच होती. पण जावयाचा जीव अंगठीत नव्हता. जगदेवराव पिस्तुलाचे नेमबाज. थंडीत इंदूरला सामने व्हायचे होते आणि विलायती काडतुसं बाजारात औषधालासुद्धा मिळेनाशी झाली होती. त्यांनी लग्नातच सांगून ठेवलं होतं, "मामा, दिवाळसणाला मला तुमच्या हातची काडतुसं द्या. त्यात सगळं आलं."

ऐकायला किती गोड! सासऱ्याची छाती फुगली, पण त्याच क्षणी चिंताही सुरू झाली. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांना बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत दारू भरायची, वर गोळी दाबायची. काम त्यांच्या हातातलं. पण एखाद्या पुंगळीत दारू कमी पडली किंवा भरायचीच राहिली, तर नुसत्या टोपीच्या धक्क्यानं गोळी नळीत शिरते, बाहेर येत नाही. मध्येच अडकते. नेमबाज घाईत असतो, त्याला ते कळत नाही. तो पुन्हा चाप ओढतो, दुसरी गोळी अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते आणि नळी हातात फुटते. गणोजींनी उमेदवारीत असा एक हात पाहिला होता. त्या माणसाला पुढं जन्मभर भाकरी मोडून द्यावी लागली.

म्हणून गणोजी प्रत्येक भरणीतली काही काडतुसं यंत्रावर पारखून घेत. हे यंत्र म्हणजे क्रोनोग्राफ, गोळीचा वेग सांगणारं. धार संस्थानच्या शिलेखान्यातलं. पवारांबरोबर गणोजींचे पूर्वज इकडं आले तेव्हापासून त्या शिलेखान्याच्या किल्ल्या याच घरात असायच्या. मग संस्थान मध्यभारतात विलीन झालं, तलवारी, बंदुका, जंबिये पेट्यांत भरून सरकारजमा झाले, आणि हे यंत्र काय आहे ते न्यायला आलेल्यांना कळेना म्हणून ते तसंच मागं राहिलं. गणोजींनी ते चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या मैदानाच्या, कडेला घराला लागून असलेल्या आपल्या दुकानात आणून बसवलं. आता त्यांच्याकडं बंदूक दुरुस्तीचं लायसन होतं आणि हे यंत्र होतं. बाकी सगळा पोकळ डौल.

यंत्राचं काम सोपं. पुढं दोन लाकडी चौकटी, दोन्हींवर बारीक तांब्याची तार ओढलेली. यंत्रावर दोन विजेचे लोहचुंबक, एकाला लांब दांडी लटकलेली, दुसऱ्याला आखूड. गोळीनं पहिली तार तोडली की लांब दांडी सुटून खाली पडू लागते. दुसरी तार तोडली की आखूड दांडी सुटते, ती एका पात्याला धक्का देते आणि पातं पडत्या लांब दांडीवर खूण करतं. गोळी मंद, तर खूण वर. गोळी चपळ, तर खूण खाली. यात खोटेपणाला जागा कुठं आहे? पण होती!

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी गणोजींनी नव्या भरणीतली काडतुसं झाडायला घेतली. पहिली खूण ठीक. दुसरी चार बोटं वर. तिसरी एकदम खाली. चौथी पुन्हा वर. एकाच हातानं, एकाच मापानं भरलेली काडतुसं आणि खुणा अशा, की जणू बाजारातून चार जणांनी चार ठिकाणांहून आणलेली.

"काय मामा, आज नक्षी काढतंय का यंत्र?" जगदेवराव मागं उभे राहून चकली खात म्हणाले.

गणोजी हसले. तोंडदेखलं. "हवा आहे जरा," ते म्हणाले. हवा कसली? समोरच्या कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं.

नाचता येईना अंगण वाकडं, असं जावयानं मनात तरी म्हटलंच असेल, या विचारानं गणोजींच्या कानशिलांवर घाम आला. एकच प्रश्न होता. खोटं कोण, यंत्र की काडतुसं? यंत्र खोटं असेल तर सुधारता येईल. काडतुसंच अशी वरखाली भरली गेली असतील, तर यांतलं एखादं जावयाच्या हाताचा घास घेईल. लेकीच्या कुंकवाशी खेळ!

त्यांनी आधी बॅटरी बदलली. खुणा तशाच. ओळंबा सोडून यंत्राची बैठक पाहिली, केसभर कललेली होती, ती सरळ केली. खुणा तशाच. पिस्तुलाच्या तोंडातून निघणारा दारूच्या धुराचा झपाटाच पहिली तार आधी तोडतो की काय, म्हणून चौकट लांब सरकवली. थोडा फरक पडला, पण थोडाच. शेवटी गोळी झाडायचीच नाही असं ठरवून त्यांनी दोन्ही चुंबकांची वीज एकदम तोडणारी कळ दाबली. या कळीनं खूण दर वेळी ठरल्या जागीच पडली पाहिजे. ती पुन्हा पुन्हा दाबली, आणि खूण दर वेळी निराळ्या जागी.

"यंत्रच! यंत्रच लबाड!" गणोजी ओरडले. इतका आनंद त्यांना चोर सापडल्यावरही झाला नसता.

पण लबाडी कुठं? त्यांनी लांब दांडी हातात घेतली. तिच्या टोकाशी तांबूस डाग होता. सकाळपासून तो दिसत होता, पण त्यांना वाटलं गंज. आता बोटानं घासला, तर बोट केशरी झालं. नाकाशी नेलं. तेलाचा वास आला.

"अगं ए!" त्यांनी घराकडं तोंड करून हाक मारली. "इकडं ये आधी!"

दुर्गाबाई हाताला बेसन तसंच घेऊन आली.

"खंडेनवमीला यंत्राची पूजा केलीस तेव्हा शेंदूर कुठं लावलास?"

"तोंडाला," ती म्हणाली. "दुसरीकडं कुठं लावतात?"

"यंत्राला तोंड असतं?"

"ती दांडी जिथं चिकटते ते तोंडच की! दांडी बाजूला करून छान तेलात कालवून लावला. मागून फुलं काढली, अक्षता झटकल्या, पण देवाचा शेंदूर कुणी पुसतं का?" आणि मग ती ठसक्यात म्हणाली, "तुम्हीच म्हणालात, शस्त्रं गेली, आता खंडेनवमीला पुजायचं काय, तर यंत्रच पूज. नारळसुद्धा तुम्हीच फोडलात. आता माझ्यावर का डोळे वटारता?"

नारळ त्यांनीच फोडला होता. चुंबकाच्या तोंडावर शेंदराचा तो पापुद्रा बसला होता, आणि दांडी कधी त्याला चिकटून उशिरा सुटत होती, कधी चटकन निसटत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जगदेवराव पोट धरून हसले. "क्या बात है मामी! यंत्राचा मारुती केलात!" कमलही हसली, आणि आईची बाजू घेऊन म्हणाली, "हसा. पण आमच्याकडं कामाच्या वस्तूला आधी देव मानतात, मग हात लावतात." ते खरंच होतं. या घरात नवी वस्तू आली की त्यातली पहिली देवापुढं जाई, मग ती भाकरी असो की खिळा.

गणोजींनी रॉकेलच्या बोळ्यानं चुंबक लख्ख पुसले. कळ दाबली. खूण जागेवर. पुन्हा दाबली. जागेवर. मग काडतुसं झाडली, तर सगळ्या खुणा एकाखाली एक, जवळजवळ एकाच ओळीत. गणोजींना वाटलं जावयाला उचलून घ्यावं. पाडव्याला त्यांनी अंगठीबरोबर काडतुसांचा डबा जगदेवरावांच्या हाती दिला, आणि भाऊबीज करून लेक-जावई देवासला गेले.

इथं गोष्ट संपली असती तर गणोजी सुखी माणूस झाले असते.

त्या भरणीतली थोडी काडतुसं दुकानात उरली होती. दोन दिवसांनी त्यांना उगाच हुक्की आली. सुधारलेलं यंत्र चालताना पाहायचं, बस्स. त्यांनी एक झाडलं, खूण जागेवर. दुसरं झाडलं, जागेवर. तिसरं झाडलं आणि दोन्ही दांड्या जागच्या जागी लटकून राहिल्या.

"आता कुठं राहिला शेंदूर?" ते वैतागून पुटपुटले. यंत्रानं एकदा दगा दिला की माणूस पुढच्या प्रत्येक गोष्टीचं खापर त्याच्यावर फोडतो. त्यांनी दांड्या हलवून पाहिल्या, पुढचं काडतूस पिस्तुलात सारलं, नेम धरला आणि चापावर बोट ठेवलं.

"अहो!" दुर्गाबाईचा आवाज स्वयंपाकघरातून आला. "आत्ताचा बार कसा फुसका वाजला हो? नेहमीसारखा ठणकला नाही."

गणोजींचं बोट थांबलं. मग त्यांनी पिस्तूल हळूच खाली केलं, काडतूस बाहेर काढलं आणि नळीत साफ करायची सळई घातली. ती अर्ध्यावर जाऊन अडली. आत गोळी होती.

तारांपर्यंत गोळी गेलीच नव्हती, तर दांड्या पडणार कशा? यंत्र या वेळी खरं सांगत होतं. गणोजींनी पिस्तूल फळीवर ठेवलं. आपला हात वाचला, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांना दिसत होता तो देवासचा डबा. आणि लगेच आठवली ती धनत्रयोदशीची दुपार. पुंगळ्या ओळीनं मांडून ते दारू भरत होते. दाराशी टांगा थांबला आणि "आबा!" अशी हाक आली. लग्नानंतर लेक पहिल्यांदा माहेरी आली होती. हातातलं माप हातातच घेऊन ते उठले आणि धावले. परत येऊन बसले ते चहापाणी, गप्पा, हसणं सगळं झाल्यावर. कुठवर आलो होतो? अंदाजानं त्यांनी पुढच्या पुंगळीपासून सुरुवात केली. एरवी गोळी बसवण्याआधी ते प्रत्येक पुंगळीत डोकावून बघत. त्या दिवशी डोकावले होते का? किती डोकं खाजवलं तरी आठवेना. एकच पुंगळी राहिली, की दोन, की पाच?

"मी देवासला चाललो," ते म्हणाले.

"अहो, दिलेला आहेर परत मागणार? व्याही काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत!"

इंदूरपर्यंतची बस खच्चून भरलेली. गणोजींच्या मांडीवर अवजारांची थैली. इंदूरला बस बदलली, तिथं शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांचा चेहरा पाहून माळवीत विचारलं, "कंई हुयो, बा? घरे सब राजी-खुशी?" गणोजींनी मांडीवरची थैली घट्ट धरली. आत्ता जगदेवराव सराव करत असतील. आत्ता त्यांनी चाप ओढला असेल. पुन्हा ओढला असेल. रस्त्यात बसचं चाक फुटलं, आणि त्या आवाजानं गणोजी असे दचकले, की लोक हसले. चाक बदलेपर्यंत ते रस्त्याच्या कडेनं येरझाऱ्या घालत होते. आई भवानी, माझा हात घे, पण त्याचा राहू दे, असं त्यांनी मोठ्यानंच म्हटलं.

देवासची टेकडी दिसली तेव्हा ते रडण्याच्या बेतात होते. व्याह्यांचं घर देवासच्या दोन संस्थानांपैकी धाकट्या पातीच्या मानकऱ्यांचं. राज्य गेलं तरी दारावर पडदा आणि बोलण्यात करडेपणा होता तसाच. ओट्यावर जगदेवराव बसले होते. दोन्ही हात धड. हातात पिस्तूल, ते फडक्यानं पुसत होते. शेजारी काडतुसांचा डबा.

"मामा? तुम्ही? सगळं ठीक ना?"

"ठेवा," गणोजी धापा टाकत म्हणाले. "ते खाली ठेवा. डबा मला परत द्या."

पडद्यामागून कमल आली. तिची सासू बकुळाबाई आली. आणि आतून खाकरत सासरे बापूसाहेब आले. गणोजींनी हात जोडून सगळं सांगितलं, उठलो कसा, विसरलो कसा, नळीत गोळी कशी अडकली.

बापूसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "वा! दिवाळसणाला दिलेलं परत न्यायला आलेला सासरा आमच्या घराण्यानं आजवर पाहिला नव्हता. तेही भाग्य लाभलं."

"व्याहीबुवा, मला काय बोलायचं ते बोला, पण..."

"मामा, कालच डब्यातली कितीतरी उडवली मी," जगदेवराव म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता. "एकही फुसकं निघालं नाही. तुम्ही उगाच घाबरता. चारचौघांत मी तुमच्या हाताची तारीफ करून बसलोय, आता त्यांना काय सांगू?"

"काल नाही निघालं म्हणूनच तर भीती!" गणोजी कळवळून म्हणाले. "परत नका देऊ. पण मला इथं बसून उघडू द्या. एकेक. तुमच्या डोळ्यांदेखत."

कमलनं कुणाला न विचारता फराळाचं ताट रिकामं करून बापापुढं ठेवलं. बकुळाबाईंनी नाक मुरडलं.

गणोजी ओट्यावर मांडी घालून बसले. चिमट्यानं गोळी उपसायची, पुंगळी ताटात उपडी करायची. दारूची छोटी काळी ढिगुळी पडे. पुरेपूर. दुसरी, पुरेपूर. रस्त्यानं जाणारे थांबून बघू लागले. मोहल्ल्यातला एक जण म्हणाला, "क्यों भिया, काडतुसांची चटणी वाटताय का?" आणि हशा पिकला. गणोजींची मान वर होत नव्हती. एकेक काडतूस चांगलं निघत होतं आणि एकेकासरशी बापूसाहेबांच्या मिशीखालचं हसू रुंदावत होतं. गणोजी म्हणजे कसला माणूस! एकीकडं मनात म्हणत होता, देवा, एकही वाईट निघू नये. दुसरीकडं त्याच तोंडानं म्हणत होता, एखादं निघू दे रे, नाहीतर माझ्या लेकीला आयुष्यभर यावरून ऐकावं लागेल.

डबा संपला. एकही खोटं निघालं नाही.

"झालं समाधान?" बापूसाहेब म्हणाले. "पोराच्या सामन्याचं वाटोळं केलंत, आमची शोभा केलीत. आता चहा घ्या आणि निघा."

गणोजींनी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते अपमानाचं नव्हतं. सगळी चांगली होती. म्हणजे जी राहिली ती एकच पुंगळी, आणि ती धारलाच उडाली. जावयाचा हात शाबूत राहिला, याउपर आणखी काय हवं? ते अवजारं गोळा करू लागले.

"आबा, थांबा," कमल म्हणाली.

ती आत गेली आणि मुठीत काहीतरी घेऊन आली. एक काडतूस. त्याला हळदकुंकू लागलेलं, वर झेंडूची सुकी पाकळी चिकटलेली.

"घरी आल्या आल्या डबा उघडला तेव्हा पहिलं काढून देव्हाऱ्यात ठेवलं होतं," ती सासऱ्यांकडं न बघता म्हणाली. "माहेरचा आहेर म्हणून. हे राहिलंय."

"आता देवाचंही फोडा," बकुळाबाई म्हणाल्या.

गणोजींनी ते घेतलं. चिमट्यानं गोळी उपसली. पुंगळी ताटात उपडी केली.

काहीच पडलं नाही.

त्यांनी ती बोटानं ठोकली. पुन्हा ठोकली. मग तळहातावर झटकली. हातावर फक्त जरासं कुंकू पडलं. हसणारे ओट्याशी सरकले. बापूसाहेब उठून जवळ आले, पुंगळी घेऊन एक डोळा मिटून तिच्यात पाहिलं आणि ती मुलाकडं दिली.

जगदेवराव बराच वेळ ती पुंगळी बघत राहिले. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात उलटसुलट करून पाहिला. बोटं मिटली, उघडली. कमलनं तोंडाला पदर लावला होता.

"तुझी हाक आली म्हणून उठलो गं मी," गणोजी तिला म्हणाले. आता त्यांना रडू आवरेना. "तेवढ्यात ही राहून गेली."

बापूसाहेबांनी स्वतः आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि व्याह्यांच्या हातात दिला. गणोजींनी तोंड धुतलं, ताटातली दारू जपून पुरचुंडीत बांधली, रिकाम्या पुंगळ्या डब्यात भरल्या. "नव्यानं भरून देतो," ते म्हणाले. "या खेपेला तुम्ही समोर बसा. प्रत्येकीत तुम्ही डोकवा, मगच मी गोळी बसवीन." मग कुंकू लागलेली ती एक पुंगळी घ्यायला त्यांनी हात पुढं केला.

जगदेवरावांनी मूठ मिटली.

"मामा, बाकीचं सगळं घेऊन जा," ते म्हणाले. "ही मात्र परत मागू नका."